शिवा आता वर जाणार!

...नाही, पण मला एक सांगा, माणसानं बारीक व्हायचं म्हणजे किती व्हायचं? काही धरबंध? आणि झालाच बारीक, तर त्याचं कौतुक व्हायला पाहिजे की नको? पण नाही! आमच्या करी रोडला जो बारीक झाला त्याच्याकडे लोक असे बघतात, असे बघतात, की त्याला स्वतःलाच वाटायला लागतं, चाललो आपण! आमच्या शिवाचं तेच झालं. शिवा म्हणजे शिवराम परब, आमच्या चाळीतला, तळमजल्यावरचा. तुम्हाला सांगतो, हा माणूस जन्मला तळमजल्यावर, नोकरीला लागला गोदामात, आणि आमच्या गोविंदा पथकात उभा राहिला तो पहिल्या थरात. म्हणजे सगळ्यात खाली. जमिनीवर! बाकीचे थर खांद्यावर घ्यायचे आणि मान खाली घालून उभं राहायचं. वर कोण चढलं, कोण घसरलं, काही दिसत नाही, नुसते आपल्या पायाचे अंगठे बघायचे. इतकी वर्षं पथकात, पण या माणसानं हंडी फुटताना पाहिलेली नाही! फुटली हे कळतं कधी, तर मानेवर दही पडल्यावर. आणि खूश होता हो! शंभर किलोच्या वरचा आडदांड गडी. पोरं चढायच्या आधी विचारायची, "शिवादादा खाली आहे ना? मग बिनधास्त!" गोदामात त्याला कोण विचारतो? घरी कोण विचारतो? त्याची किंमत होती ती त्या एका जागेवर.

आणि अशा माणसाला सगळ्यांनी मिळून सांगावं, की शिवा, तू आता वर जाणार?

बरं, एक गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नका. शिवाला उंचीची भीती आहे. थोडी नाही, भयंकर! घरातला दिवा गेला तर स्टुलावर चढते कोण? अपेक्षावहिनी. आणि हा शंभर किलोचा गडी खाली स्टूल धरून उभा. डोळे मिटून! वहिनी चढलेल्या बघवत नाहीत त्याला, स्वतः चढायचं तर सोडाच. पथकात हे कुणाला ठाऊक नाही. खाली उभ्या राहणाऱ्याला कोण विचारतंय, बाबा रे, वरचं तुला कसं काय वाटतं?

सुरुवात झाली दादरच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. शिवा जिने चढून पोचला तेव्हा त्याला स्वतःचं नाव सांगता येईना, वहिनींनी सांगितलं. बाईंनी रिपोर्ट बघितले. शुगर, प्रेशर, कोलेस्टेरॉल, सगळी मंडळी हजर! त्यांनी चष्मा काढला. आता डॉक्टर चष्मा लावून बोलतात ना, ते गोळ्यांचं असतं. काढून बोलतात ते... जाऊ द्या. "परब, वजन उतरवलं नाहीत, तर..." एवढंच म्हणाल्या आणि हातातलं पेन वर केलं. वर पंखा होता. शिवानं पंख्याकडे बघितलं, वहिनींनी पंख्याकडे बघितलं. पंखा आपला कुरकुरत फिरत होता.

"मग करायचं काय?" वहिनींनी विचारलं.

"दोन गोष्टी," बाई म्हणाल्या. "एक कार्डिओ. भरभर चालणं, हळूहळू पळणं, ज्यानं हृदयाला आणि दमाला काम मिळेल. दुसरं स्ट्रेंथ ट्रेनिंग, वजनं उचलणं, ज्यानं स्नायू टिकतील. दोन्ही पाहिजे. समतोल ठेवा."

शिवा हसला. इथेच, इथेच घात झाला! म्हणतो कसा, "दुसरं माझं झालंय, मॅडम. मी सहा थर खांद्यावर घेतो."

"रोज?"

"रोज कसे... दहीहंडीला."

बाईंनी चष्मा परत लावला.

मग काय, वजनं उचलणं बाद, राहिलं पळणं! वहिनी एका ऑफिसात अकाउंट्सला, एकदा मनावर घेतलं की पैसुद्धा सुटायची नाही. सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या, संध्याकाळी करी रोडच्या पुलावरून जा-ये, आणि जेवायला दुधी! घरात बांगडा तळला तर ह्याच्या वाट्याला वास. मनगटावर एक घड्याळ बांधलं, बसला की ओरडणारं, वहिनींनी मराठीत लावून दिलेलं. समोरच्या बिल्डिंगीत एक म्हातारे गेले, शिवा तिथे जाऊन मान खाली घालून बसला. चिडीचूप शांतता... आणि घड्याळ बोललं, "फार वेळ झाला, आता उठा!" तुम्हाला सांगतो, जमलेल्या सगळ्यांनी दचकून म्हाताऱ्यांकडे बघितलं!

वजन उतरलं. नाही कशाला म्हणू? भराभरा उतरलं. पण पोटाबरोबर खांदेही उतरले हो! गाल बसले, मान काटकुळी झाली, शर्ट अंगावर लोंबायला लागला. आणि लोक सुरू झाले. "शिवा, सगळं ठीक ना?" त्या 'ठीक'वर असा दाब, की ठीक माणसानं घाबरावं. "कुठे दाखवलंस? दुसऱ्या कुणाला विचारलंस का?" कुणी शहाळं आणून दिलं, कुणी अंगारा. ज्यानं उसने घेतलेले पाट वर्षभर दिले नव्हते, तो ते परत करून गेला! शिवाची आई, रखमाकाकी, एक दिवस त्याच्यासमोर येऊन बसली. "झिला, माका खरा काय ता सांग. डाक्टरान काय सांगल्यान?" शिवा म्हणाला, "आये, वजन उतरवूक सांगल्यान." म्हातारी पदर डोळ्यांना लावून उठली. म्हणजे जाड राहिला तर पंख्याकडे, बारीक झाला तर म्हातारी पदरानं डोळे पुसते. सांगा, माणसानं जायचं कुठे? वर!

महाराष्ट्र दिनाला आमच्या मंडळात सत्यनारायण असतो. तिथे भेटले भिवादादा. भिवादादा म्हणजे पथकाचे प्रशिक्षक. बोलणं कमी, बघणं जास्त. त्यांनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला, शिवाचा खांदा चाचपला, दुसरा चाचपला, जसं काही हरवलंय तिथं. "खांदा कुठे गेला रे?" मग तिथल्या तिथे एक गडी चढवला त्याच्यावर. एकच! शिवाचे गुडघे लटलटायला लागले. नुसतं पळून पळून मांस वितळलेलं, धरणार कशानं? भिवादादांनी गड्याला उतरवलं आणि म्हणाले,

"शिवा, तू आता वर."

शिवाचा शिरा घशात. "वर... म्हणजे?"

"वर म्हणजे वर. चौथ्या थरात. हलका झालास." आणि जाता जाता वळून, सगळ्यांच्या देखत, "आणि पथकाच्या विम्याला वारस कोण लावायचा? वहिनीच ना?"

काय अवस्था झाली असेल हो! चौथा थर म्हणजे तीन माणसांच्या डोक्यावर. तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना सरळ, मला भीती वाटते. अहो, ज्याच्या जिवावर पोरं बिनधास्त चढली, त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं, की चढायचं म्हटलं की माझ्या हातापायाला घाम फुटतो? तुम्ही म्हणाल, पथक सोडायचं. सोडून मग उरतं काय? गोदाम आणि दुधी! त्यानं घरी फक्त एवढंच सांगितलं, "आये, दादा म्हणतात मी वर जाणार." झालं! म्हातारीनं देवासमोर नारळ ठेवला, शेजारीपाजारी गोळा केले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझो झील आयुष्यभर खाली ऱ्हवलो, तेका खालीच ठेव रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे हात जोडून, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणालो. पण मनात म्हटलं, माणूस जाणार कुठे? वर!

आता वर जायचं नसेल तर खांदे पाहिजेत. खांदे पाहिजेत तर जिम. नव्या टॉवरच्या खाली एक जिम आहे, तिथला ट्रेनर हर्षवर्धन. दंड एवढे, की टीशर्टाच्या बाह्यांना श्वास घेता येत नाही. त्यानं शिवाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सर, कार्डिओ करता? बंद! आजपासून एकदम बंद! कार्डिओ सगळं मसल खातं, सर. आपण बल्क करू ना, अंग भरून काढू, टेन्शन नहीं लेने का!" म्हणजे एक बाई सांगते दोन्ही कर, बायको सांगते पळ, आणि हा सांगतो पळालास तर संपलास. शिवानं ज्याचं पटायला सोपं त्याचं ऐकलं. पळणं बंद, चालणंही बंद. लालबागला जायचं तरी टॅक्सी! उकडलेली अंडी, कोंबडी, डब्यातली पावडर, आणि रोज लोखंड. वहिनी ओरडल्या, तर म्हणतो, "तुला मी खाली पाहिजे की वर?"

आले! खांदे आले, मान आली, आणि मागोमाग पोटही आलं. गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला. भिवादादांनी खांदा दाबला, पुन्हा दाबला, आणि म्हणाले, "ये, खाली ये." अहो, शिवा रडला! मोठा माणूस, भर मैदानात रडला. म्हातारीनं देवाला नारळ दिला. मला मात्र काही बरं वाटेना. मी लांबून बघत होतो ना, मैदानापर्यंत चालत येतानाच त्याला धाप लागत होती.

थर लावायला घेतले, तिसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. चौथा चढला. पाचवा चढायला लागला, आणि शिवाचा श्वास अडकला. खांदे मजबूत हो, खांद्यांना काही नाही, पण आत भाता चालेना! छातीत धडधड, कानात धडधड, पायाचे अंगठे अंधुक व्हायला लागले. आणि हलायचं नाही! हा हलला तर वरची सगळी पोरं खाली. शेजारच्याला म्हणाला, "दादांना सांग... उतरवा." वरून एकेक जण उतरायला लागला. चढताना पटापट चढतात, उतरताना... किती सावकाश उतरतात! आम्ही बघत उभे. त्याचे ओठ पांढरे पडलेले, मान खाली, आणि तरी तो सगळ्यांना धरून उभा. मला वाटलं, गेला. खरंच सांगतो, मस्करी नाही. शेवटचा पाय खांद्यावरून उतरला आणि शिवा जागच्या जागी बसला. भिवादादांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पहिल्यांदाच त्या माणसाचा आवाज कापताना ऐकला. "शिवा, वर बघ रे... वर बघ."

वाचला. टॅक्सीत घातलं, दवाखान्यात नेलं, वाचला. डॉक्टरीणबाई या वेळी चष्म्याशी खेळल्या नाहीत. सरळ म्हणाल्या, "नुसतं पळालात, मांस घालवलंत. नुसतं उचललंत, दम घालवलात. मी दोन्ही सांगितलं होतं, परब. अर्धं औषध घेऊन कोण बरं होतं?" त्या वर्षीची हंडी बंद. मग तब्येत सावरल्यावर त्यांच्या देखरेखीखाली दोन्ही सुरू झालं. काही दिवस चालणं, काही दिवस वजनं, जेवायला भाकरी, डाळ, अंडं आणि बांगडासुद्धा, पण बेतानं. वर्षभर! शुगर उतरली, प्रेशर उतरलं, दवाखान्याचे जिने बोलत बोलत चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला म्हणतात समतोल." वहिनी खूश, म्हातारी खूश. मीसुद्धा, आता तुमच्याजवळ काय लपवायचं, डोळे पुसले.

मग आला सराव. भिवादादांनी खांदा दाबला, दंड दाबला, पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "खालच्या थराला हलका. चौथ्याला जड." शिवा आशेनं म्हणाला, "मग... घरी जाऊ?" "घरी कशाला? तिसऱ्यात." तिसऱ्यात! म्हणजे कळलं का? पायाखाली दोन थर आणि खांद्यावर चार. आधी एक तर ओझं होतं, नाही तर उंची. समतोल साधला, आता दोन्ही!

परवा दहीहंडीला लालबागच्या एका गल्लीत लावले की सात थर. खालून पोरं ओरडतायत, "शिवादादा, खाली बघू नको!" वरून पोरं ओरडतायत, "दादा, वर बघू नको!" मग बघायचं कुठे माणसानं? समोर! समोर पहिल्या मजल्याची गॅलरी, आणि गॅलरीत चहाचा कप घेऊन ओळखीच्या एक काकी, तोंडासमोर तोंड, हात लांब केला तर बिस्कीट देतील इतक्या जवळ. शिवाच्या खांद्यावर चौथा, पाचवा, सहावा... सातवा चढतोय. आणि काकींनी ह्याला वरपासून खालपर्यंत निवांत न्याहाळलं.

"अगोबाई, शिवा! छान झाली रे तब्येत! ना जाड, ना बारीक. आता असाच राहा हां, अगदी असाच!"

शिवानं दात आवळले.

"राहतोय, काकी... हलायची सोय कुठे ठेवलीय!"