इटालियन सायकलचे आटे

माझ्या जुन्या इटालियन रेसिंग सायकलने मला परवा चांगलाच घाम फोडला. पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात, त्याचं बेअरिंग धरणारा उजवीकडचा आट्यांचा कप काही केल्या निघेना. आपल्या सायकलींना तिथे उलटे आटे असतात, म्हणून मी आठवडाभर पान्याला पाइप लावून उलटा जोर देत होतो. शेवटी सायकल मंडईजवळच्या रफीकचाचा मिस्त्रींकडे नेली.

"कुठली गाडी?"

"इटलीची."

"मग हिचे आटे दोन्हीकडे सुलटेच. आपण आठवडाभर कप आवळत होता."

आटे गेले असते, तर फ्रेम भंगारातच गेली असती. चाचांनी पाना दुसरीकडे फिरवून कप काढला, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "शाबूत आहेत. नशीब, आपल्या अंगात जोर कमी आहे."

अशक्त असल्याचं एवढं समाधान मला कधीच वाटलं नव्हतं.