रेघेखालचं घर

नगरपालिकेच्या रांगेत माझ्यापुढे शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. खिडकीत कारकून नवा नकाशा पसरून बसला होता.

“साहेब, या रेघेच्या अलीकडे राहती घरं, पलीकडे दुकानं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग माझं घर कुठंय?”

“रेघेखाली.”

“म्हणजे?”

“रेघ जरा जाड आलीय, बाई.”

“अहो, अलीकडे धरलं तर शिलाई मशीन बंद. पलीकडे धरलं तर सासूबाईंना घेऊन राहू कुठं?”

“अलीकडच्यांची हरकत इथे घेतो, पलीकडच्यांची शेजारच्या खिडकीत.”

“तिथूनच आले. त्यांनी इथे पाठवलं.”

“त्यांचंही बरोबर आहे.”

“मग आज घरी जाऊन काय बंद करू? मशीन की स्वयंपाक?”

“दोन्ही चालू ठेवा, आवाज तेवढा होऊ देऊ नका. आमच्या घरीही सध्या तसंच चाललंय.”