कपाटातलं गाणं

(वॉशिंग मशीन टुंग-टुंग वाजून थांबतं.)

भाऊजी: वहिनी, कपडे झाले वाटतं तुमचे.

वहिनी: होऊ देत. मघाचं परत सांगा.

भाऊजी: अहो, तुमची आठ गाणी एकदम हल्ली कुठली म्युझिक कंपनी काढते? आधी पंधरा सेकंदांचा तुकडा नेटवर सोडायचा. लोकांनी उचलला, तर त्याचं गाणं करायचं. नाही उचलला, तर दुसरा तुकडा.

वहिनी: दोन वर्षं त्या कपाटात उभी राहून ही गाणी रेकॉर्ड केलीत मी, बाहेरचा आवाज नको म्हणून. पांघरुणांत तोंड खुपसून, छोटी झोपली की. घामाने नुसती निथळायची.

भाऊजी: म्हणून तर धावत आलो! आपला तुकडा उचललाय लोकांनी. तीन दिवसांत लाखभर व्हिडिओ झालेत त्याच्यावर.

वहिनी: खरं? पाचव्या गाण्यातला ना? ती वरची जागा?

भाऊजी: नाही... त्याच्या जरा आधीचा.

वहिनी: आधी काय आहे?

भाऊजी: तुम्ही श्वास घेता, कपाटाचं दार करकरतं, आणि छोटी झोपेतून उठून म्हणते, ‘आई, झालं का तुझं?’

वहिनी: अगं बाई! ते कापायचं राहिलं होतं. गडबडीत तसंच पाठवलं मी.

भाऊजी: त्यानेच तारलंय. आमचे साहेब म्हणतात, खाली ठेका टाकू आणि गाणं त्याच्यावरच करू. छोटीकडून अजून चार ओळी हव्यात. आज पाचपर्यंत.

वहिनी: आणि मी?

भाऊजी: तुमचा श्वास ठेवलाय की.

वहिनी: श्वास ठेवला! केवढे हो उपकार.

भाऊजी: मला काय, हवे तेवढे टोमणे मारा. पण करारावर सही तुमची आहे. हे दिलं नाही तर आठही गाणी तिथेच कुजतील. दुसऱ्या कुणाला देताही येणार नाहीत.

वहिनी: आणि दिलं तर निघतील?

भाऊजी: ‘बघू’ म्हणालेत.

वहिनी: माझ्याकडे बघून सांगा. निघतील?

भाऊजी: मी तिथला साधा नोकरमाणूस, वहिनी.

वहिनी: एक तरी काढायला सांगा हो. पाचवं. सुरुवातीचा आलाप काढून टाकते. दुसरं कडवंही काढते. अर्धं करते, पाव करते... पाया पडते तुमच्या.

भाऊजी: अहो, असं काय करताय! डोळे पुसा आधी, छोटी येतेय.

छोटी: काका, माझं गाणं लाव ना!

भाऊजी: घे, राणी. ऐक.

छोटी: हे आपलं कपाट! हे मी बोलले! ...बंद का झालं?

भाऊजी: तेवढंच आहे गं ते.

छोटी: हॅट! आई, याच्यापुढे तू गातेस ना? ते कधी येणार?