गच्चीवरच्या बाईचा ताबा

नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाला अख्ख्या संग्रहालयाच्या चित्रांचा ताबा घ्यायचाय, तो पहिल्याच दिवशी हसत हसत येईल का? हा आला! वजीह नाव त्याचं. माझ्या जागी नेमलेला नवा मुख्य क्युरेटर. हातात गरम गरम फतीर, आमची पदरांची रोटी, आणि वर म्हणतो कसा, उस्ताज लबीब, आधी खाऊन घेऊ. मी संशयी माणूस नाही हं... पण म्हटलं, तू आधी खा.

तुम्हाला सांगतो, आमच्या अलेक्झांड्रियात सरकारी चित्र सरकारचं नसतं, ज्याने ताबा घेतला त्याच्या मानेवर असतं! कोपऱ्यातला रंग उडाला तरी जाब मला, आणि दुसऱ्या कुणी एकेक चित्र बघून सही केल्याशिवाय सुटका नाही. म्हणून तर निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी मी तिथेच! आधी नेमलेले दोघं कोठार बघूनच पळाले. इकडे बायको, इन्साफ, दमनहूरला लेकीकडे राहायला जायचं म्हणून बॅगा भरून बसलीय, आणि दार उघडताना रोज विचारते, सुटलात का?

तर हा वजीह तपासायला लागला. भिंग काय लावतो, चित्र पालथं काय घालतो, चौकट ठोकून काय बघतो... अरे, मी काय चोर आहे? मी संशयी माणूस नाही हं, पण हा माझ्यावर संशय घेतोय एवढं मला कळतं की नाही? जेवण जाईना मला!

आणि मग आलो त्या चित्रापाशी. गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई, दातांत चिमटा धरलेला, मागे आमचा समुद्र. संग्रहालयाचा जीव आहे हो ती! आणि या पठ्ठ्याने काय करावं? भिंग खिशात टाकलं! नुसता उभा राहिला, आणि सहीला पेन काढलं.

आता बोला! फळांच्या भिकार टोपल्या दुपारभर न्याहाळणारा माणूस हिला तपासतच नाही? मी त्याचा हातच धरला. म्हटलं, हिला का सोडलंस?

तो खाली बघून म्हणाला, "उस्ताज, शाळेच्या सहलीत पाहिलं होतं हिला. तेव्हापासून दर शुक्रवारी येतोय. हिला काय तपासायचं? माझा फार जीव आहे हिच्यावर."

झालं! पेन काढून घेतलं आणि तडक घरी आलो. इन्साफने कपाळावर हात मारला. म्हणाली, अहो, मग चांगलंच की, जीव लावणारा माणूस मिळाला.

अगं, तेच तर! जीव जडलेला माणूस एक दिवस चित्र उतरवून घरी नेणार नाही कशावरून? तुम्हाला कसं माहीत, म्हणे. म्हटलं, इतकी वर्षं रोज कुलूप लावताना माझ्याच मनात येतंय ना ते!

बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात ठेवता ठेवता तिने विचारलं, "मग तुम्ही कसं नाही नेलं?"

कसं नेणार? मी होतो ना माझ्यावर नजर ठेवायला!

आता रोज सकाळी आम्ही दोघं त्या बाईसमोर एकाच बाकावर बसतो. वजीह तिच्याकडे बघतो, मी वजीहकडे. चहा तोच आणतो, बिचारा. मी संशयी माणूस नाही हं... पण ग्लास बदलून घेतो.