शनीची कडी आणि अच्युतकाकांचा नारळ

सन्माननीय अध्यक्ष दिवाकरजी, मंचावरचे आजचे सत्कारमूर्ती अच्युतकाका, मंगलामावशी, आणि समोर बसलेले मंडळातले सगळे काका, काकू आणि दादा-भिया लोक, सगळ्यांना या संहिताचा नमस्कार.

कित्येक वर्षं अच्युतकाका आपल्या मराठी मंडळाच्या गच्चीवर टेलिस्कोप लावत आले. आता गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून हा निरोप. मी सहावीत पहिल्यांदा वर गेले तेव्हा काका म्हणाले, "शनीची कडी दिसली का?" मी इंग्लिश मीडियमची. वळून गच्चीच्या दाराकडे बघितलं आणि म्हटलं, "हां काका, लागलेली आहे." काका इतके हसले की टेलिस्कोप हलला आणि शनी निघून गेला! मग समजावलं, ही कडी म्हणजे रिंग्ज. बर्फाचे तुकडे, कोणी राईएवढा, कोणी घराएवढा. आसपासचे छोटे चंद्र त्यांना इकडेतिकडे जाऊ देत नाहीत.

"मतलब वॉचमन?"

"वॉचमन नाही गं, नातेवाईक."

शनीवर उभं राहायला जमीनच नाही, माहितीये? ढग, खाली आणखी ढग, मग नुसता दाब. पाय टेकायला जागा शोधत खालीच जात राहायचं. आत्ता दिवाकरजींनी माइकवर सांगितलं, "उद्यापासून गच्ची संहिताची," आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला सेम तसं झालं. बाबांनी मला न विचारताच हो म्हणून टाकलं होतं. बाबा, तुम्ही पहिल्या लाइनीत हसताय, दिसतंय मला. मी नाही म्हटलं तर गच्ची बंद, असंही कालच ऐकलं. आणि बंगलोरला मला रिसर्चची सीट मिळाली आहे, ग्रहांच्या वातावरणावर. घरी एकच वाक्य: घराजवळ सिमरोलला एवढं मोठं कॉलेज असताना बाहेर कशाला?

एन्सेलाडस नावाचा शनीचा एक चंद्र आहे. वरून बर्फ, एकदम चुप. इकडून शनी ओढतो, तिकडून दुसरा एक चंद्र. आतल्या आत पाणी गरम होत राहतं, आणि मग फटींतून फवारे...

सॉरी. मला आज फक्त काकांबद्दल बोलायचं होतं. पण मला जायचंय. गच्ची मी नाही घेऊ शकत.

काका, तुम्ही उठू नका ना, गुडघा! हे काय, तुमचं श्रीफळ मला कशाला? ऐकलं का, काका म्हणताहेत, "मंडळातर्फे हिला नारळ दिला. टेलिस्कोप मी खाली अंगणात लावीन." अहो, हसताय काय सगळे? मंगलामावशी, याचा अर्थ काय?

"अगं वेडे, नारळ दिला म्हणजे कामावरून काढलं तुला!"

अच्छा... मतलब, सुटले?

काका, थँक्यू हा शब्द इथे फार छोटा पडतो. दिवाकरजी, मला बोलू दिलंत, तुमचेही आभार, आणि एवढं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे. मराठीत हिंदी सांडली असेल, मोठ्यांसमोर जास्त बोलले असेन, तर घरचीच मुलगी आहे म्हणून पोटात घाला.

आणि बाबा, आता तुम्ही हसत नाही आहात. हा नारळ मी घरी घेऊन येतेय. फोडायचा मात्र तुम्ही, मी बंगलोरच्या गाडीत बसायच्या आधी.