सोयरीक पाहाले आले आन गावाले काहीच माहीत नाई

मी इथलीच, पोरी. एटापल्लीच्या पलीकडं जंगलात माझं माहेर, आन लग्न करून आली ते या गावात, तिथून इथी पायीच आली, वरात काय आन गाडी काय. नाव माझं मैनाबाई. धान लावाचं, मोहफूल वेचाचं, तेंदूपत्ता तोडाचा, यातच जिंदगी गेली. तू कॉलेजातून आली आन विचारून राह्यली, मैनाबाई, आता इथली शांती टिकन काय. मले काय समजते त्यातलं. मी आपली माझ्या पोराची सोयरीक कशी जमली ते सांगते, तुले त्यातलं लिहाचं ते लिही.

पन मागचं सांगा लागते, नाई तर तुले समजनार नाई. जंगलातले बंदूकवाले गावात येत, त्याईले आमी दादालोक म्हनो. जेवाले मागत आन जात. मंग पोलीस येत, कोन आलतं म्हनत, आमी म्हनो पाह्यलं नाई साहेब, आमाले माहीत नाई. मंग पुन्हा दादालोक येत, पोलीसाईले काय सांगतलं म्हनत, आमी म्हनो पाह्यलं नाई दादा, आमाले माहीत नाई. दोघाईले एकच भाजी वाढो. माझे भासरे, म्हंजे नवऱ्याचे मोठे भाऊ, एकदा बाजारात जास्तीचं बोलले, कोनाचं तरी नाव घेतलं. ते बाजारातून घरी आलेच नाई. तवापासून गावानं तोंड शिवलं. शेजारच्या झुरीबाईची बकरी माझी अख्खी वांग्याची वाडी खाऊन गेली तरी मी चूप. भांडन झालं, तिले राग आला, आन तिनं कोनाच्या कानात माझं नाव घातलं तर? ती बी चूप. काय सांगू तुले, बकरीच तेवढी मोकळी होती गावात.

आता सडक झाली, टॉवर झाला, बंदूक दिसत नाई. पन माझा विनोद, ट्रॅक्टर चालवते तो, त्याले पोरगी कोनी देईना. म्हनत, त्या जंगलात कोन लोटन लेकीले. पोराचं वय चाललं, मले झोप नाई. मंग भद्रावतीकडची सोयरीक आली, पोरीचा बाप कोळसा खदानीत कामाले. आमच्यात कशी रीत हाय, पोरीवाले आदी घरी येत नाई, गावात फिरून विचारते, पोरगा कसा, पितो काय, माय कशी हाय. तर आला तो बाप आपल्या भावाले घेऊन, मोटारसायकलवर, काळा चष्मा लावून. आता असा मानूस नाव घेऊन विचारन तर आमच्या लोकाईले काय वाटन?

बोरिंगवर पानी भरनाऱ्या बायाईले विचारलं, विनोद कसा पोरगा हाय. आमी पाह्यलं नाई. दुकानात विचारलं, तिथी विनोदचा जिगरी दोस्त बसला होता, त्याच्याच ताटात जेवते तो, तो म्हने, असा कोनी इथी राहतच नाई. मंग आमच्याच दारात आले. माझा बुढा खाटेवर बसला होता. विनोदचं घर कोनतं, भाऊ? माहीत नाई. हे घर कोनाचं? माहीत नाई. तुमचं नाव काय? बुढ्यानं जरा विचार केला आन म्हने, ते बी माहीत नाई.

मी चुलीपाशी, इस्तरीचा शर्ट घालून विनोद आत उभा. बाहेर धावली तवा त्याईनं गाडीले किक मारली होती. म्हटलं, पाहुने, थांबा जी, मी पोराची माय. तो बाप म्हने, बाई, पोरगा वाईट नसन, पन ज्या गावात बाप लेकाले वळखत नाई त्या गावातलं भेव गेलं नाई. भेवात मी लेक देत नाई.

तेवढ्यात झुरीबाई आली, बकरीची दोरी हातात. म्हने, थांबा, मी सांगते. हे पोट्टं दारू पीत नाई, पन खाते किती ते विचारा. ऊन वर आल्याशिवाय उठत नाई. ट्रॅक्टर घातला माझ्या कुपाटीत, सारं कुंपन मोडलं, आन याची माय, हे मैना, माझ्या बकरीले लाकूड फेकून मारते, मी पाह्यलं! मले असा संताप आला. म्हटलं, काऊन वो, माझे वांगे तुझ्या बापानं लावले होते काय? झालं, तिनं काढलं, मी काढलं, सारं मागचं साचलेलं. बोरिंगवरच्या बाया आल्या, दोस्त आला, ज्याले त्याले सांगाचं होतं. माझा बुढा उठून म्हने, पोरगा माझा हाय, आन खाते ते खरं हाय.

मी म्हटलं, गेली सोयरीक. तर तो बाप गाडीवरून उतरला, चष्मा काढला, खाटेवर बसला, म्हने, चहा ठेवा बाई. जिथी मानसं सडकेवर उभी राहून नावानिशी भांडते, तिथी माझी लेक जगन.

लगन झालं. शांती टिकन काय ते मी नाई सांगू शकत, पोरी. अजून बी अनोळखी गाडीचा आवाज आला का गल्लीतले दोन-चार दरवाजे लागते, माझा बी हात कडीवर जाते. पन सून हाय ना, ते अंगनात उभी राहून माहेरी फोन करते, मोठ्यानं, का सासू भाजीत मीठ जास्त टाकते, सासू अशी, सासू तशी. सारं गाव ऐकते. मले राग येते. पन मी चूल फुंकता फुंकता ऐकते आन मनात म्हनते, बोल माय, अशीच बोलत राह्य.