पणजोबांच्या फुग्यात

छापखान्याच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि तिची नात होती. नातीनं काढलेल्या कॉमिकची पानं आजी नाकाला टेकवून बघत होती.

“माझ्या वडलांच्या तोंडातून धूर कसला निघतोय? ते विडी ओढत नव्हते.”

“धूर नाही गं आजी, फुगा आहे. माणूस बोलतो ते फुग्यात लिहितात.”

“आणि हे दंड कुणाचे?”

“पणजोबांचेच. आपल्या आदिवासींचा इतिहास आहे, हीरो दणकट नको?”

“काडीपैलवान होते ते. बरं, म्हणतायत काय?”

“‘साहेब, हे जंगल आमचं आहे! चालते व्हा!’”

“असलं काही बोलले नाहीत ते.”

“मग काय बोलले?”

“जंगल मोजायला आलेल्या साहेबानं विचारलं, वाट कुठाय? वडील म्हणाले, ‘आँ?’ शेजाऱ्याला विचारलं, तोही ‘आँ?’ अख्खा गाव बहिरा झाला. आठ दिवस ओरडून ओरडून साहेबाचा घसा बसला, तेव्हा गेला परत.”

“अगं, पण हीरो ‘आँ’ म्हणतो, हे बरं दिसतं का?”

“जंगल वाचलं ना त्यावर?”

नातीनं तिथंच काउंटरवर पान पसरलं आणि फुगा खोडायला घेतला.

काउंटरमागचा माणूस ओरडला, “ओ आजी, खोडाखोडी घरी करायची. बाजूला व्हा, रांग खोळंबलीय!”

“आँ?”

तो माझ्याकडे वळला. “ताई, तुम्ही तरी सांगा हो आजींना.”

“आँ?”